अकरा मात्रांचं प्रॉमेनाड आणि अर्धा स्वर उतरवलेला बेस: ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ तिघांत बसवताना

रशियन संगीतकार मुसोर्ग्स्कीची ही पियानोरचना: दहा चित्रांवरचे दहा तुकडे आणि मधे मधे ‘प्रॉमेनाड’ ही फेरफटक्याची धून. ती आम्ही रॉक बँडवर बसवतोय. काम कुठवर आलंय ते आधी. प्रॉमेनाड आणि ‘जुना किल्ला’ बसले. ‘नोम’चे सूर बसले, पण वेग अजून डळमळतो. ‘बाबा यागा’ मिनिटाला १२० मात्रांच्या वेगाला स्वच्छ वाजतं, १३२ ला ऑर्गनचा डावा हात मागे पडतो. ‘ग्रेट गेट’चा गढूळपणा गेल्या दोन सरावांत बराच निवळला. वाद्यं तीनच: ऑर्गन-सिंथ, बेस, ड्रम्स. इमर्सन (ऑर्गन-सिंथ), लेक (बेस, गायन) आणि पामर (ड्रम्स) या इंग्लिश रॉक त्रिकुटाने २६ मार्च १९७१ ला न्यूकॅसल सिटी हॉलमध्ये हे याच तीन माणसांच्या बळावर वाजवलं होतं. मुसोर्ग्स्कीच्या दहा चित्रांपैकी त्यांनी चारच घेतली, आम्हीही तीच चार घेतली आहेत.

कागद कुठला घ्यायचा

१८७४ चा पियानोचाच कागद घ्या. फ्रेंच संगीतकार रवेलचं १९२२ चं वाद्यवृंदाचं रूप समोर ठेवून सुरुवात केली की प्रत्येक जागी ट्रम्पेट, सॅक्सोफोन, घंटा आठवत राहतात आणि सिंथवर त्यांची नक्कल सुरू होते. तीन माणसांच्या बँडला ती नक्कल कधीच पुरी पडत नाही. पियानोच्या कागदावर नुसते आघात आणि मोकळ्या जागा दिसतात, आणि रॉक बँडला नेमकं तेच हवं असतं. इमर्सनचा ऑर्गन आजही ताजा वाटतो, कारण तो ऑर्केस्ट्रा व्हायला जात नाही.

जुन्या स्कॅन प्रतींपैकी बऱ्याच मुसोर्ग्स्कीचा संगीतकार मित्र रिम्स्की-कोर्साकोव्हने संपादित केलेल्या १८८६ च्या आवृत्तीच्या असतात. ‘बिड्लो’ या बैलगाडीच्या चित्राची सुरुवात त्यात हळू आवाजाची छापली आहे, मूळ हस्तलिखितात ती दणदणीत आहे. आमच्या चार चित्रांत ते नाही, पण पुढे कुणी घेतलं तर लक्षात ठेवा. हक्कांचं म्हणाल तर मुसोर्ग्स्की १८८१ मध्ये वारला, रचना मुक्त आहे. मात्र लेकने लिहिलेले शब्द, त्याचं ‘द सेज’ आणि तिघांनी मिळून केलेले ‘ब्लूज व्हेरिएशन’ व ‘कर्स ऑफ बाबा यागा’ मुक्त नाहीत. ती आम्ही सोडली.

प्रॉमेनाडची मोजणी

पहिलं माप ५/४, दुसरं ६/४. ड्रम्सवर सगळ्यांत आधी चुकतं ते इथेच. ६/४ दिसलं की हात आपोआप ३+३ वाजवतो आणि मग सुरावट मागे पडल्यासारखी वाटते. सुरावट बघा: जी, एफ, बी फ्लॅट, मग सी-एफ-डी. पुढच्या मापात पुन्हा सी-एफ-डी, त्यानंतर बी फ्लॅट, सी, जी, एफ. सी-एफ-डी हा तुकडा मापाच्या रेघेच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा येतो, प्रत्येक वेळी दोन मात्रांचा. म्हणजे खरं वजन ३+२+२+४ असं आहे. अकरा मात्रांचं एक आवर्तन धरून किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) त्या चार जागांवर ठेवली आणि तो घोळ एका बैठकीत संपला. १०४ च्या वेगाला हे आवर्तन साधारण ६.३ सेकंदांचं होतं. क्लिक ट्रॅकवर (सरावाला कानात वाजणारे ठोके) प्रत्येक मात्रेला सारखाच ठोका देऊ नका, या चार जागांनाच वेगळा आवाज द्या. पुढे ६/४ ची मापं सलग येऊ लागतात, तिथे आवर्तन मोडतं. ती जागा पाठच करावी लागते, मोजून सापडत नाही.

बेस अर्धा स्वर खाली

आत्तापर्यंतचा सगळ्यांत उपयोगी निर्णय हा. ‘ग्रेट गेट’ ई फ्लॅट मेजरमध्ये, ‘नोम’ ई फ्लॅट मायनरमध्ये, आणि चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार ई, म्हणजे नेमकी अर्ध्या स्वराने वर. मूळ षड्जच हाताला लागत नाही आणि एक सप्तक वर वाजवला तर ‘गेट’चं वजन जातं. चारही तारा अर्धा स्वर उतरवल्या की खालची तार ई फ्लॅट होते, ३८.९ हर्ट्झ. दुसरी तार ए फ्लॅट होते, आणि ए फ्लॅट म्हणजेच जी शार्प. ‘जुना किल्ला’ जी शार्प मायनरमध्ये आहे आणि त्यात तो एकच सूर तंबोऱ्याच्या खर्जासारखा अखेरपर्यंत खाली घुमत राहतो. तो आता मोकळ्या तारेवर मिळतो, डावा हात रिकामा राहतो. एका उतरवणीत तीन चित्रं सुटली.

तोटाही आहे. अर्धा स्वर उतरवला की तारेचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो आणि जोरात वाजवल्यावर खालची तार फ्रेटवर खडखडते. ४५-१०५ चा तारांचा संच काढून ५०-११० चा, जास्त जाडीचा, लावला. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) खाचेत नीट बसते का ते बघा. अडकली तर सूर लावताना टक्कन उडी मारते.

फझ (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावल्यावर खालचा आवाज पातळ होतो. म्हणून सिग्नल दोन वाटांनी नेला: सुमारे २०० हर्ट्झच्या खाली स्वच्छ, वर फझ. फझवर एका वेळी एकच सूर किंवा फार तर पंचम वाजवा. तृतीय मिसळला की नुसती खरखर ऐकू येते.

ऑर्गन: इथेच खरा वेळ गेला

सेटबीफ्री हे हॅमंड या इलेक्ट्रिक ऑर्गनची नक्कल करणारं मोफत सॉफ्टवेअर वापरतोय, बफर (संगणक एका वेळी साठवतो तेवढा आवाज) १२८ सॅम्पलचा, ४८ किलोहर्ट्झला. आकड्यांनी उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो, तरीही ‘बाबा यागा’मध्ये बोटं मागे पडत होती. कारण कीबोर्डमध्ये निघालं. खऱ्या हॅमंडची पट्टी थोडी दाबताच संपर्क जुळतो, साध्या मिडी कीबोर्डवर सूर पट्टी जवळजवळ तळाला गेल्यावर निघतो. तुमच्या कीबोर्डला वरूनच सूर सोडण्याची सोय असेल तर ती चालू करा. आमच्याकडे ती नाही, म्हणून १३२ अडलंय.

ड्रॉबार म्हणजे सुरातले वेगवेगळे घटक कमी-जास्त करणारे नऊ सरकते दांडे, आकडा म्हणजे प्रत्येक किती ओढला ते. ‘नोम’ आणि ‘बाबा यागा’साठी ड्रॉबार ८८ ८००० ०००, पर्कशन (सुराच्या सुरुवातीचा टणत्कार) तिसऱ्या हार्मोनिकचं, जलद. पर्कशन फक्त वरच्या मॅन्युअलवर (पट्ट्यांच्या ओळीवर) लागतं, आणि तेही सगळ्या पट्ट्या सुटल्यावरच पुन्हा वाजतं. डावा हात त्याच मॅन्युअलवर सूर धरून बसला तर उजव्या हाताचा प्रत्येक आघात मुका होतो. डावा हात खालच्या मॅन्युअलवर हलवला आणि सुटे, तुटक सूर वाजवले, तेव्हा कुठे आघात परत आला.

‘ग्रेट गेट’ला हेच ड्रॉबार चालत नाहीत. दुसरा ड्रॉबार, ५ १/३ फुटी, प्रत्येक सुराचा पंचम जोडतो. एकल सुरावटीला त्याने धार येते, पण ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट या कॉर्डला तो बी फ्लॅट, डी आणि एफ चिकटवतो. म्हणजे साध्या मेजर कॉर्डमध्ये सातवा आणि नववा घुसतो, तोही खालच्या भागात. आम्ही दोन आठवडे इक्वलायझर फिरवत बसलो आणि दोष या एका दांड्याचा होता. आता ८० ८८०० ००४ ठेवलंय, पर्कशन बंद. पर्कशन चालू असताना १ फुटी ड्रॉबार गप्प होतो, त्यामुळे ते शेवटचं ४ बंद पर्कशनलाच कामाचं. पियानोतल्या सात-आठ सुरांच्या कॉर्डमधले पाचच ठेवले आणि खालचं सप्तक पूर्णपणे बेसकडे दिलं.

पियानोवरची घंटा वाजून विरत जाते, ऑर्गनचा सूर दाबून ठेवला की तसाच राहतो. म्हणून शेवटच्या घंटांच्या जागी प्रत्येक कॉर्ड स्वेल पेडल (आवाज कमी-जास्त करणारं पायपेडल) पूर्ण उघडून घ्यायचा आणि मापभरात अर्ध्याखाली आणायचा. लेस्ली या फिरत्या स्पीकरचा वरचा हॉर्न साधारण सेकंदात वेग पकडतो, खालचा ड्रम चार-पाच सेकंद घेतो, तेव्हा स्विच कळसाच्या दोन मापं आधीच टाका.

मूगची सुरावट

‘किल्ल्या’साठी, मूग सिंथसारख्या आवाजाला, सर्ज एक्सटी या सॉफ्टवेअर सिंथमध्ये दोन सॉ-टूथ (करवतीच्या दातांसारख्या) लहरी, एकमेकांपासून ६ सेंट हललेले, २४ डीबीचा लो-पास, ग्लाइड ६० मिलिसेकंद, एका वेळी एकच सूर. इमर्सनच्या रिबनसाठी (बोट सरकवून सूर वाकवण्याची पट्टी) पिच बेंड वरखाली १२ अर्धस्वरांवर ठेवलाय. स्वस्त कंट्रोलरची स्पर्शपट्टी बऱ्याचदा १२८ च पायऱ्या पाठवते. २४ अर्धस्वरांत त्या वाटल्या की एका अर्धस्वराला पाचच येतात आणि मींडेऐवजी जिना ऐकू येतो. पूर्ण १४ बिटांचा बेंड पाठवणारी पट्टी किंवा चाकच घ्या.

बाकी राहिलेलं

‘बाबा यागा’ न थांबता सप्तकांच्या धावेतून थेट ‘गेट’मध्ये शिरतं. त्याच धावेत ऑर्गनला पर्कशन बंद करून ड्रॉबार बदलायचे आहेत आणि दोन्ही हात गुंतलेले असतात. धाव बेसकडे देऊन पाहिली, वजन चांगलं आलं पण वेग ढिला पडला. पुढच्या सरावाला उजव्या हाताची धाव ऑर्गनवर, डाव्याची बेसवर, आणि ड्रॉबारचा बदल पायाच्या स्विचवर.