टबातले वेखंड

वेखंड बहुतेक घरांत काष्ठौषधींच्या दुकानातून येते आणि सुरकुतलेल्या, करड्या कांड्याच्या रूपातच ओळखले जाते. त्याचे हिरवेगार रोप पाहिलेले लोक मात्र क्वचितच भेटतात. वास्तविक ही बहुवर्षायू वनस्पती बागेत लावणे अगदी सोपे आहे. इतर झाडांसाठी आपण निचऱ्याची चिंता करतो, तर मूळच्या दलदलीतल्या वेखंडाला चिखलच मानवतो. त्यामुळे तळाला भोक नसलेला पसरट टब, त्यात गाळाची माती आणि थोडे कुजलेले शेणखत एवढे पुरते. पाणी मातीच्या पातळीपर्यंतच राखावे, कारण वर साचू दिले तर वेखंडाआधी डासच वाढतात.

दुकानातले वाळलेले कांडे रुजत नाही, म्हणून ज्यांच्याकडे हे रोप आहे त्यांच्याकडून ओले कांडे मागून आणावे आणि डोळे असलेले बोटभर तुकडे पावसाळ्याच्या तोंडावर, एकमेकांपासून फूटभर अंतरावर आडवे पुरावेत. पाने तलवारीसारखी सरळ वर येतात. त्यांची मधली शीर उठून दिसते आणि एका कडेला बारीक चुण्या असतात. पान चुरगळताच बाळंतिणीच्या खोलीतला तो उग्र वास हाताला येतो, आणि वेखंडाच्या नावाखाली दुसरेच काही आलेले नाही याची खात्री पटते.

बाळाला वेखंड उगाळून चाटवण्याची पद्धत मात्र मला पटत नाही. त्याच्या तेलातला बीटा-ॲसरोन हा घटक प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगकारक ठरला आणि अमेरिकेने 1968 मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. या घटकाचे प्रमाण प्रकारानुसार बदलते. उत्तर अमेरिकेतल्या द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या प्रकारात तो जवळजवळ नसतो, आपल्याकडच्या वेखंडात मात्र तो बराच असू शकतो. वैद्य शोधन करून, म्हणजे शुद्ध करून दोष कमी करून, मोजक्या मात्रेत देतात ती गोष्ट निराळी. घरच्या टबातले कांडे थेट सहाणेवर नेऊ नये.

बाहेरून वापरायला ते उत्तमच आहे. साधारण वर्षभराने पाने पिवळी पडू लागली की कांडी उपटून, तंतुमुळे काढून, सावलीत वाळवावीत आणि कोंबाकडचे तुकडे लगेच त्याच टबात परत लावावेत. वाळलेली कांडी सुती पुरचुंडीत बांधून लोकरीच्या कपड्यांत ठेवली की कसर लागत नाही. दरवळ ओसरू लागला की पुरचुंडी बदलावी.