हिरोशिमाचं ओकोनोमियाकी घरच्या तव्यावर: माझा अनुभव

ओकोनोमियाकी हा जपानी पदार्थ म्हटला की बहुतेकांना ओसाकाचा प्रकार आठवतो. पिठात कोबी, अंडं आणि नागाइमो कंदाचा कीस कालवायचा आणि जाड थालीपिठासारखं तव्यावर घालायचं. हिरोशिमात असं काही कालवत नाहीत. तळाशी पातळ धिरडं, त्यावर कोबीचा ढीग, मग पोर्क, मग नूडल्स, मग अंडं, असे थर चढत जातात. दुकानात समोर बसून पाहिलं की सोपं वाटतं. घरी मात्र मला ते सहाव्या-सातव्या खेपेला नीट जमलं. कुठे बिघडलं आणि का, ते मापांसकट लिहिते.

आधी तवा, कारण निम्म्या चुका तिथल्याच असतात. जपानीत तेप्पान म्हणजे लोखंडाचा सपाट, जाड पत्रा. दुकानातला सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही जाड असतो. मी 30 सेंमी लांब-रुंद आणि 6 मिमी जाडीचा घेतला. वजन सव्वाचार किलोच्या आसपास. जाडी महत्त्वाची, कारण गार, ओला कोबी पडला की पातळ पॅनचं तापमान झटकन कोसळतं आणि खालचं धिरडं भाजण्याऐवजी पाण्यात शिजतं. जाड लोखंडात उष्णता साठलेली असते, ते तेवढा मार सहन करतं.

याहून मोठा तवा घ्यायचा मोह होतो. पण दोन बर्नरवर आडवा तवा ठेवू नका, असं घरगुती शेगडीच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. खाली उष्णता कोंडते. गॅसची नळकांडी लावायच्या टेबलावरच्या शेगडीबाबत तर अजिबात हयगय नको. नळकांड्याच्या कप्प्यावर येईल एवढा तवा ठेवला तर नळकांडं तापून फुटू शकतं.

नव्या तव्याला गंज न चढण्यासाठी तेल लावलेलं असतं. ते साबण आणि कढत पाण्याने घासून काढलं, कडांवर कानस फिरवली आणि तवा मंद आचेवर कोरडा केला. मग तेलाचा हात दिला आणि कापडाने इतका पुसला की तेल दिसेनासं झालं. धूर येऊन थांबेपर्यंत तापवला. असं चार वेळा. पहिल्यांदा तेल जास्त राहिलं होतं, तर पिवळट, चिकट थर बसला आणि सगळा खरवडून काढावा लागला. जपानमध्ये 2008 पासून घरगुती गॅसच्या शेगडीच्या प्रत्येक बर्नरला उष्णतेचा सेन्सर सक्तीचा आहे. तवा 250 अंशांच्या आसपास गेला की ज्योत आपोआप बारीक होते. बिघाड समजून घाबरू नका. तेलाचा थर बसायला तेवढी उष्णता पुरते. शेवटी कोबीची टाकाऊ पानं तेलात परतून फेकून दिली, म्हणजे लोखंडाचा वास जातो.

एका ओकोनोमियाकीचं साहित्य असं: 45 ग्रॅम मैदा आणि 75 मिली पाणी, कोबी 170 ग्रॅम, मोड आलेल्या मुगाचे लांब कोंब 40 ग्रॅम, तेनकासू म्हणजे तेंपुराच्या पिठाची तळलेली चुरी 2 चमचे, पोर्क बेलीचे पातळ काप 3, वाफवलेल्या चायनीज नूडल्स 150 ग्रॅम, अंडं 1, आणि सुक्या मासळीची पूड चिमूटभर. मैदा गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळायचा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचा. लगेच वापरला तर धिरडं आकसतं, हेऱ्यावर फाटतं. हेरा म्हणजे रुंद पात्याचं उलथनं. ओसाकाकडे त्यालाच कोते म्हणतात. दोन लागतात.

कोबी 2 ते 3 मिमी जाडीचा चिरायचा. जाड चिरला तर ढीग पोकळ राहतो आणि उलटताना कोसळतो. फार बारीक चिरला तर सगळं पाणी एकदम सुटतं. धुतल्यावर खडखडीत निथळायला हवा.

तवा मध्यम-मंद आचेवर 7-8 मिनिटं तापवला. एकदम मोठी आच दिली तर मधला भाग फुगतो आणि तेल कडेला पळतं. धिरड्यासाठी 180 अंश बरोबर पडले. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होऊन उडून जावा. थेंब गोळी होऊन पळायला लागला तर तवा जास्त तापलाय. तेल लावायला दुकानात सुती दोऱ्यांची कुंचली असते. मी घावनाला करतात तसा अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला, छान काम होतं.

साधारण 60 मिली पीठ मध्ये ओतून पळीच्या पाठीने 20 सेंमीचा गोल केला. पळी दाबायची नाही, नुसती तरंगत फिरवायची. वरून मासळीची पूड, मग कोबीचा सगळा ढीग, तेनकासू, कोंब आणि पोर्कचे काप एकमेकांशेजारी. ढीग दहा-बारा सेंमी उंच दिसतो, त्याला भिऊ नका. उरलेलं पीठ वरून धारेने सोडायचं, तेच थर बांधून ठेवतं.

दोन-तीन मिनिटांनी धिरड्याची कड सुटते. दोन्ही हेरे दोन्ही बाजूंनी पार मध्यापर्यंत सारायचे आणि मनगटाच्या एका झटक्यात उलटायचं. माझे पहिले दोन ढीग विस्कटले, कारण मी उंच उचलत होते. उचलायचं कमी, वळवायचं जास्त. बाहेर सांडलेला कोबी हेऱ्याने धिरड्याखाली ढकलला की झालं.

आता खरी गोष्ट. धिरडं वर गेलं की ते झाकण होतं. खाली पोर्क स्वतःच्या चरबीत तळलं जातं आणि कोबी त्या झाकणाखाली स्वतःच्याच पाण्यात वाफवतो. इथे मी घाई करून हेऱ्याने दाबत होते. दाबलं की वाफ आणि रस बाहेर पडतो, तवा ओला होतो, पोर्क उकडल्यासारखं पांढरं राहतं आणि कोबीला कच्चट उग्र वास येतो. मंद आचेवर 7-8 मिनिटं काहीही करायचं नाही. कडेने वाफेच्या बारीक रेघा निघतात. ढीग खचत खचत तीन-चार सेंमीवर येतो. आवाज बदलतो, ओल्या फसफशीचा कोरडा तडतडाट होतो. तो ऐकू आला की पोर्क खरपूस झालं. मग हवं तर हलका दाब द्या. काही दुकानांत शेवटी जोरात दाबतात, काहींत अजिबात नाही. मला न दाबलेलंच आवडतं, कोबीची गोडी त्यात राहते.

दुकानात शेजारीच नूडल्स परततात. माझ्या तव्यावर तेवढी जागा नाही, म्हणून त्या शेजारच्या बर्नरवर पॅनमध्ये केल्या. दोन चमचे पाण्याने सुट्या केल्या, थोडं तेल, चमचाभर सॉस, 20 सेंमीचा गोल करून खालची बाजू कुरकुरीत होऊ दिली. नूडल्सचा तो गोल ताटलीत सरकवला आणि तव्यावरचा ढीग त्यावर ठेवला. मोकळ्या तव्यावर अंडं फोडून बलक मोडला, गोल पसरला. कडा पांढऱ्या, मध्य ओला, एवढ्यातच ताटलीतलं सगळं त्यावर सरकवायचं. अंडं पूर्ण शिजलं तर नूडल्सना चिकटत नाही. अर्ध्या मिनिटाने शेवटचं उलटणं. अंडं वर येतं.

वरून ओकोनोमियाकीचा गोडसर दाट सॉस आणि आओनोरी हे हिरवं समुद्री शेवाळ. हिरोशिमाच्या ओताफुकु कंपनीच्या सॉसमध्ये खजूर असतो. तो तव्यावर सांडला की साखर लगेच जळते, म्हणून आच बंद करून लावा. शाकाहारी मंडळींनी बाटलीवरचे घटक वाचावेत. नेहमीच्या सॉसमध्ये मांसाचा आणि ऑयस्टरचा अर्क असतो.

दुकानात मागायचं ते "निकुतामा सोबा", म्हणजे मांस, अंडं आणि नूडल्स. ओसाकाच्या बऱ्याच दुकानांत गिऱ्हाईक स्वतः भाजतं. हिरोशिमात हे काम आचाऱ्याचं, आणि तव्यापाशी बसलेल्याने हेऱ्याने चौकोन कापत थेट तव्यावरून खायचं. मीही तसंच खाते. शेवटचा घास पहिल्याइतकाच गरम लागतो आणि तळाचं धिरडं हळूहळू कुरकुरीत होत जातं.

खाऊन झाल्यावर तवा कोमट असतानाच हेऱ्याने खरवडला, कढत पाण्याने साबणाशिवाय धुतला, आचेवर वाळवला, तेलाचा पातळ हात दिला. सॉसमध्ये व्हिनेगर असतं. एकदा तो रात्रभर तव्यावर राहिला, तर सकाळी तेवढ्या जागेचा थर उडून नारिंगी गंज आला होता. तेवढाच भाग घासून पुन्हा दोनदा तेल चढवलं.