मराठी रक्तात असते का?

देगलूरहून काकांचा फोन आला की ते माझ्या मुलीची चौकशी करतात, ती मराठी बोलते का असे विचारतात आणि माझ्या उत्तराआधीच स्वतःचे समाधान करून घेतात, "बोलंल की, रक्तातच हाय तिच्या." मी नेदरलँड्समधील ज्या नायमेखन शहरात राहतो, तिथे माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्था नेमक्या याच प्रश्नावर काम करते, त्यामुळे हे वाक्य नुसते ऐकून सोडणे मला जड जाते.

रक्तात काहीच नसते असे नाही. लंडनमधील एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांत सुमारे निम्म्या माणसांना शब्दोच्चारासाठी ओठ आणि जीभ यांचा मेळ घालणे अवघड जात होते, व्याकरणही अडखळत होते. २००१ मध्ये त्याचे कारण फॉक्सपी२ या जनुकातील बिघाडात सापडले. ते शोधणाऱ्या चमूतील सायमन फिशर पुढे इथल्याच संस्थेचे एक संचालक झाले. वृत्तपत्रांनी फॉक्सपी२ला 'भाषेचे जनुक' म्हणून टाकले, ते मला पटत नाही, कारण हे जनुक उंदरांत आणि पक्ष्यांतही असते, आणि बिघाड असलेली ती माणसे अडखळत का होईना, बोलत होती ती भोवतालची इंग्रजीच.

भोवताल किती लवकर कामाला लागतो, हे जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवले. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा-आठ महिन्यांची बाळे हिंदीतील 'त' आणि 'ट' वेगळे ओळखत होती. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची ती जाण ओसरत होती. आमच्या शेजारच्या डच बाईंना मी 'वात' आणि 'वाट' हळू, ठासून, तोंडाकडे बघायला लावून म्हणून दाखवले, तरी त्यांना दोन्ही एकच वाटले, आणि माझी चार वर्षांची मुलगी मात्र तिथे बसून खुदुखुदु हसत होती. तिच्या कानांत हा फरक टिकवला आहे तो आमच्या स्वयंपाकघरातल्या बोलण्याने.

व्याकरणाचे काय? २०११ मध्ये याच संस्थेतील मायकेल डन, स्टीफन लेव्हिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार भाषाकुळांच्या वंशावळी मांडून असा निष्कर्ष काढला की शब्दक्रमाचे नियम प्रत्येक कुळात आपापल्या चालीने बदलतात. सर्व भाषांच्या मुळाशी एकच जन्मजात व्याकरण असते, या भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्या 'वैश्विक व्याकरणा'च्या मांडणीला हे आव्हान होते. डन आणि लेव्हिन्सन यांच्या पद्धतीवर आक्षेप आले, पण भाषा जन्मजात साच्यापेक्षा बोलण्या-वागण्यातून घडते, हे देगलूरच्या माणसाला फारसे नवे वाटू नये. तेलंगण आणि कर्नाटक तिथून जवळच. आडतीवरचा माणूस एकाशी मराठी, दुसऱ्याशी तेलुगू, तिसऱ्याशी दखनी बोलतो. मराठी आणि तेलुगू वेगवेगळ्या कुळांतल्या, तरी ट-ड-ळ दोघींत आहेत, आणि १९५६ मध्ये भाषाशास्त्रज्ञ मरे इमेनो यांनी भारताला एकच 'भाषिक क्षेत्र', म्हणजे वेगळ्या कुळांतल्या भाषा शेजारामुळे एकमेकींसारख्या होतात असा प्रदेश, म्हटले ते अशाच सारखेपणामुळे. शाळेत माझ्या बाकावर बसणारा मित्र घरी तेलुगू बोले आणि मराठीच्या पेपरात माझ्यापेक्षा जास्त गुण घेई. त्याच्या आईला मात्र मराठी धड बोलताही येत नव्हते.