बॅगेत मावेल तेच आधी रंगवा

चित्रकलेची आवड आहे, हातात कसब आहे आणि आता त्यातून चार पैसे मिळवायचे आहेत, असं ठरलं की गोव्यात बहुतेक जण आधी दोन बाय तीन फुटांचा कॅनव्हास रंगवायला घेतात. समुद्र, होडी, माड. बाजारात मांडला की लोक थांबतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. चित्र आवडतं, पण न्यायचं कसं? हंगामातलं गिऱ्हाईक विमानाने आलेलं असतं. देशी विमानांत केबिन बॅगेचं माप साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर आणि वजन ७ किलो. त्यात ए-३ कागद (२९.७ बाय ४२ सेंमी) पुठ्ठ्यासकट सपाट बसतो, ए-२ बसत नाही. सुरुवातीचा माल याच हिशेबाने करा.

काचेची फ्रेम मांडू नका. ए-५ चित्राला ८ बाय १० इंचाचा आणि ए-४ ला १२ बाय १६ इंचाचा माऊंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची कड) घाला, मागे कडक पुठ्ठा, वर पारदर्शक पाकीट. या मापाच्या तयार फ्रेम कुठेही मिळतात, गिऱ्हाईक घरी जाऊन बसवून घेतं. मोठा कॅनव्हास विकलाच गेला तर चौकटीवरून काढून रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, निदान चार इंच व्यासाच्या नळीवर. रंग आत ठेवून गुंडाळला की जाड थर दबतो आणि उलगडताना तडकतो.

विक्री ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे माल तयार व्हायचा तो नेमका पावसाळ्यात. खरं नुकसान तिथेच होतं. जलरंगाच्या कागदाला जिलेटिन किंवा स्टार्चचं साइझिंग, म्हणजे रंग पटकन शोषला जाऊ नये म्हणून दिलेली खळ, असतं, बुरशीला ते खाद्यच. जुलैत कपाटात ठेवलेल्या कागदावर चतुर्थीपर्यंत तपकिरी ठिपके दिसू लागतात, आणि त्यावर रंग लावला की तिथेच शोषला जाऊन डाग पडतो. कागद भिंतीला टेकवू नका. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की दाणे ओव्हनमध्ये तापवून कोरडे करून घ्या. वॉर्निश दमट हवेत लावलं तर ते दुधाळ पडतं. एसीच्या खोलीत लावा, नाहीतर पाऊस ओसरेपर्यंत थांबा.

ॲक्रिलिक रंगाची वेगळीच खोड आहे. सुकलं तरी उष्म्यात ते मऊ होतं. दोन चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवली की चिकटतात, आणि थेट बबल रॅप गुंडाळला तर बुडबुड्यांचे गोल ठसे रंगावर कायमचे उमटतात. मध्ये ग्लासीन, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागद हवाच. बबल रॅप त्याच्यावरून.

आता किंमत. समजा ए-५ चित्राला कागद-रंग ६० रुपये, माऊंट ७०, पाकीट २०, आणि दोन तासांचे, तासाला २०० प्रमाणे, ४०० रुपये. झाले ५५०. दुकानदार चाळीस टक्के कमिशन मागतो, म्हणून लोक ५५० वर चाळीस टक्के चढवून ७७० लावतात. पण कमिशन विक्रीच्या किमतीवर असतं: ७७० चे चाळीस टक्के ३०८, तुमच्या हाती ४६२, म्हणजे प्रत्येक चित्रामागे ८८ रुपये खिशातून. बरोबर हिशेब ५५० भागिले ०.६, म्हणजे सुमारे ९१७. लेबल ९५० चं लावा. दुकानात दिलेल्या मालाची यादी दोन प्रतींत सहीसकट घ्या. ओळखीचं दुकान असलं तर जास्तच.

काय रंगवायचं, यावर एकच आग्रह. गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या रेषेवर बेतलेले मग आणि टी-शर्ट विकू नका. त्यांचं निधन २०११ चं, आणि कॉपीराइट मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत चालतो. शैलीवर कुणाचा हक्क नसतो हे खरं, पण त्यांनी चितारलेली माणसं उचलून छापणं म्हणजे चोरीच. त्यापेक्षा कावी कलेकडे बघा. मंदिरांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर देऊन, तो कोरून खालचा पांढरा चुना दाखवायचा, हे त्याचं तंत्र. फळीवर करताना जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात द्या, पॉलिश पेपरने घासा, वर तांबडा रंग लावा आणि सुईने कोरा. हा वरचा रंग ॲक्रिलिक नको, त्याची साल निघते आणि रेघेची कड फाटकी येते. गुआश (अपारदर्शक जलरंग) घ्या, तो भुकटीसारखा सुटतो, रेघ स्वच्छ येते. शेवटी फिक्सेटिव्हचा (रंग धरून ठेवणाऱ्या द्रावाचा) फवारा, नाहीतर बोटाला रंग लागतो.

स्थानिक गिऱ्हाईक चित्रापेक्षा घराची नावपाटी जास्त मागतं. चकचकीत टाइलवर ॲक्रिलिकने नाव रंगवून बाहेर लावलं की एका पावसात पापुद्रे सुटतात, कारण ग्लेझ, म्हणजे टाइलवरचा काचेसारखा थर, पाणी शोषत नाही, रंग नुसता वर बसलेला असतो आणि कडेने पाणी आत शिरतं. घरच्या ओव्हनमध्ये १५० अंशांवर ३५ मिनिटं भाजायचे सिरॅमिक रंग आतल्या भिंतीपुरते ठीक. टाइल थंड ओव्हनमध्ये ठेवूनच तापवा आणि आतच निवू द्या, नाहीतर तडा जातो. फाटकाबाहेरची पाटी मात्र ग्लेझचे रंग वापरून भट्टीतच भाजून घ्यावी लागते. तेवढे पैसे मागायला लाजू नका.

ऑर्डरच्या चित्रांत एक मेख आहे. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याकडे जातो. कुणाचं जुनं पोर्तुगीजकालीन घर रंगवलं आणि पुढे त्याचेच प्रिंट विकायचे असतील, तर ॲडव्हान्स घेतानाच दोन ओळी लिहून सही घ्या. स्वतःहून काढलेलं चित्र विकलं तर हक्क तुमच्याकडेच राहतो. प्रिंटसाठी मूळ चित्र विकण्याआधी स्कॅन करा, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. ए-४ ला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात.

हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात वारा असतो, पाकिटांवर ठेवायला वजनं न्या. हडफड्याच्या शनिवारच्या रात्रीच्या बाजारात पिवळ्या बल्बखाली निळे रंग मळकट दिसतात, ४००० केल्विनचा (पांढऱ्या उजेडाचा) एक दिवा सोबत असू द्या. परदेशी गिऱ्हाइकाकडे बहुधा यूपीआय नसतं, सुटे ठेवा.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि ती फुकट आहे, पैसे मागणारी वेबसाइट सरकारी नव्हे. मालाच्या विक्रीला जीएसटीची मर्यादा वर्षाला ४० लाख, शिकवण्या-वर्कशॉपसारख्या सेवांना २० लाख. राज्याबाहेर कुरियरने माल पाठवू लागलात की नियम बदलतात, ते पहिलं पार्सल जाण्याआधी सीएला विचारून घ्या.