कपातला उरलेला चहा

"एसी बंद कर रे, पेट्रोल जातं उगाच." पुण्याहून कोल्हापूरला जाताना खंबाटकी घाट चढायला लागलो आणि मागून आई बोलली. केला बंद. काचा खाली, दुपारचं ऊन, पुढच्या ट्रकचा धूर सगळा आत. आरशात बघितलं तर ती पदराने मान पुसत होती, वर नॅपकिन ओला करून बाबांना देत होती.

कराडला चहाला थांबलो. "मला नको, सकाळी झालाय." निघताना बघतो तर माझ्या कपात तळाला उरलेला दोन घोट चहा ती पीत होती. पार गार झालेला.

तेच टोचतंय दिवसभर. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, कोल्हापूरपर्यंत चार टोलनाके, फास्टॅगमधून पैसे जात राहिले, कोणी हूं की चूं केलं नाही. आणि ही एका कपासाठी अडून बसली.

रात्री परत पुण्यात घरी आल्यावर तिला सांगितलं की हायवेला स्पीडमध्ये काचा उघड्या असल्या की गाडीला वारा अडतो, त्यातही पेट्रोल जातंच, एसी बंद करून वाचतं ते अगदी थोडं. म्हणाली, "थोडं का होईना, वाचलं ना?"

काय बोलणार. दोन खोल्यांत संसार केला तिने आणि काटकसर करायची म्हटलं की पहिली कात्री कायम स्वतःच्याच वाट्याला. आता गाडी आहे, पगार बरा आहे, तरी तेच. पुढच्या वेळी विचारणारच नाही, चार चहा सांगून मोकळा होणार.

तुमच्याकडेही मागच्या सीटवरून असंच "मला नको" येतं का?