मुंबई ते आग्वाद शिडाच्या बोटीने: टेदर किती लांब आणि अडकवायचा कुठे

मार्चमधला मुंबई-गोवा प्रवास, अंतर सुमारे २१० सागरी मैल. टेदर म्हणजे अंगावरच्या हार्नेसला बोटीशी जोडणारा हुकांचा पट्टा, आणि तो अडकवणं म्हणजे क्लिप लावणं. या दिवसांत वाऱ्याचा क्रम बहुतेक ठरलेला असतो: पहाटे जमिनीवरून मतलई, सकाळ सरता सरता तो पडतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा चढत जातो. जंजिरा ओलांडल्यावर तो २० नॉटला (ताशी २० सागरी मैल) पोचला. दक्षिणेला जाताना हा वारा पाठीमागून येतो आणि फसगत इथेच होते. बोट सहा नॉटने पळत असल्याने डेकवर वारा १४ नॉटच लागतो. ऊन छान, बोट झोकात, क्लिप लावायची आठवण कोणाला राहत नाही. मग एखादी लाट बोटीचा मागचा भाग ढकलून तिला आडवी फिरवते, किंवा बूम (शिडाखालची आडवी दांडी) धाडकन पलीकडे जाते. बूमला पुढे दोर बांधून ठेवाच, पण क्लिपचा निर्णय अंदाजावर सोडू नका. मेनसेलला पहिला रीफ घेतला, म्हणजे मुख्य शीड थोडं आटवून लहान केलं, की सगळ्यांची क्लिप लागलेली हवी. अंधार पडल्यावर तर वारा नसला तरी.

टेदरचं काम माणसाला पडू न देणं हे आहे. पडलेल्याला तो बोटीसोबत फरफटत नेतो. दोन मीटरच्या टेदरने माणूस सहज रेलिंगपलीकडे जातो, आणि पाच नॉट म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. त्या वेगाने तोंडावर येणाऱ्या पाण्यात श्वास घेता येत नाही. म्हणून तीन हुकांचा टेदर घ्या: एक टोक छातीशी, एक हुक एक मीटरवर, एक दोन मीटरवर. काम करताना आखूड, सरकताना लांब. नवा हुक लावल्याशिवाय जुना काढायचा नाही. छातीकडचा हुक ताण असतानाही उघडता आला पाहिजे. शिवाय बोथट टोकाचा पट्टा कापायचा चाकू लाइफ जॅकेटलाच बांधा.

जॅकलाइन, म्हणजे टेदरचा हुक अडकवायची डेकवरची पुढून मागे जाणारी ओळ, बहुतेक बोटींवर थेट कडेने ताणलेली असते. ती डोलकाठीच्या जवळून, केबिनच्या छतावरून घेता आली तर उत्तम. मागच्या टोकाच्या दीड-दोन मीटर आधीच संपवा, नाहीतर माणूस बोटीमागे लोंबकळेल. गोल दोर किंवा वायर पायाखाली फिरते, म्हणून चपटा पॉलिएस्टर पट्टा, तुटण्याची क्षमता किमान २००० किलो. नायलॉन ओला झाला की ढिला पडतो. पॉलिएस्टरही पहिल्या भिजण्यानंतर पुन्हा ताणून घ्या. केबिनच्या जिन्याशी एक पक्की कडी हवी, म्हणजे खालूनच क्लिप लावून वर येता येतं.

हुक कुठे अडकतो हेही बघा. नोव्हेंबर २०१७ मध्ये क्लिपर या जगप्रदक्षिणेच्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात, एका खलाशाच्या टेदरचा हुक डेकवरच्या क्लीटखाली (दोर बांधायच्या खुंटीखाली) अडकला. ताण आडवा आला, हुक वाकून सुटला आणि तो खलाशी दगावला. हुक सरळ ओढला तर टन-दोन टन पेलतो, आडवा ओढला तर त्याच्या कितीतरी कमी वजनाला वाकतो. जॅकलाइन क्लीटला बांधत असाल तर हुक तिथवर पोचणार नाही असं बघा.

जॅकेट १५० न्यूटन तरंगबलाचं, हार्नेस (टेदर लावायचे छातीचे पट्टे) त्यातच शिवलेलं. लाँचवर मिळणाऱ्या नारिंगी फोमच्या जॅकेटच्या पट्ट्याला टेदर कधीच लावू नका, तो पट्टा त्या ताणासाठी नसतोच. मांड्यांमधला पट्टा बहुतेक जण टाळतात. तो नसेल तर फुगलेलं जॅकेट वर सरकून कानाशी येतं आणि माणूस खाली घसरतो. भिजून गोळी विरघळली की आपोआप फुगणारं जॅकेट कोकणच्या दमट हवेत कपाटातच फुगू शकतं. डेकच्या पुढच्या भागात काम करणाऱ्याला पाण्याच्या दाबावर उघडणारं द्या. निघण्याआधी जॅकेट फुगवणारी ३३ ग्रॅम वायूची नळी हाताने घट्ट फिरवा आणि वजन करा: तिच्यावर कोरलेल्या एकूण वजनापेक्षा दोन ग्रॅम कमी भरली तर बदला. जॅकेट तोंडाने फुगवून २४ तास ठेवा, गळत असेल तर कळेल. विमानाने जॅकेट आणणाऱ्यांनी नळीसाठी विमान कंपनीची आगाऊ परवानगी घ्यावी.

रत्नागिरी ते देवगड रात्री जाळी फार. बोये दिसतात उशिरा, आणि सुकाणूला दोर गुंतला की कोणीतरी आकडी घेऊन मागच्या कडेवरून वाकतं. तिथे आखूड हुकच. लाटा असताना पाण्यात उतरू नका, शिडं उतरवून वेग कमी करा आणि मग सोडवा.

क्लिप लावलेला माणूस कडेला लटकलाच तर आधी बोट थांबवा: नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याकडे, शिडं सैल. ओढण्याची घाई नंतर. हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) जॅकेटच्या उचलायच्या फासात अडकवून विंचने (दोर ओढायच्या चक्राने) वर घ्या. टेदर सुटला असेल तर व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर हाक द्या. तटरक्षक दलाचा फोन १५५४ आहे, पण किनाऱ्यापासून दूर मोबाइलचा भरवसा नाही.

आग्वादला नांगर टाकल्यावर सगळे हुक गोड्या पाण्याने धुवा. स्प्रिंगमधलं मीठ वाळलं की हुक पूर्ण मिटत नाही, आणि ते अंधारात कळत नाही.