फूल हलते

दुपारी पेल्यातल्या ट्युलिपचे रेखाटन अर्ध्यावर ठेवून मी हात धुवायला उठलो, आणि परत येऊन पाहतो तो फूल जागेवर नव्हते. म्हणजे होते पेल्यातच, पण मघाशी डावीकडे कललेला देठ खिडकीकडे वळला होता आणि मिटलेल्या पाकळ्या बोटभर फाकल्या होत्या. ट्युलिप खुडल्यावरही वाढत राहते, उजेडाकडे वळते, हे मला ठाऊक आहे. तरी दर वेळी फसवल्यासारखे वाटतेच.

शाळेत चित्रकलेच्या बाई टेबलावर फूल ठेवून म्हणत, ‘स्थिर वस्तू आहे, सावकाश काढा.’ तास संपेपर्यंत ते मान टाकी, आणि माझ्या कागदावर एक पाकळी सुरुवातीची, एक शेवटची अशी भेसळ झालेली असे. बाई खाली लाल पेन्सिलीने ‘हे कोणते फूल?’ एवढेच लिहीत.

उलट जिला आपण चंचल समजतो ती नर्तकी चित्रकारासमोर निमूट उभी राहते. फ्रेंच चित्रकार एदगार देगाने (१८३४–१९१७) नर्तकींची चित्रे आयुष्यभर काढली, पण त्यांतल्या पुष्कळ चित्रांत नाच नसतोच. कुणी पाठ खाजवते आहे, कुणी बुटाची फीत बांधते आहे. मुली त्याच्या चित्रशाळेत येऊन ती ठेवण धरत, आणि मग तो तीच आकृती ट्रेसिंग पेपरवर उतरवून, कधी उलटी करून, दुसऱ्याच चित्रात बसवी.

माझी नर्तकी पायांपासून सुरू होते. भार कोणत्या पायावर आहे हे ठरल्याशिवाय मी चेहऱ्याला हात लावत नाही, आणि बहुधा चेहरा राहूनच जातो. झग्यासाठी ओल्या कागदावर फिका गुलाबी सोडतो आणि हात आखडता घेतो, कारण जलरंगात पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद. तो एकदा गेला की गेला. झगा म्हणजे उलटे धरलेले फूल, हे पुष्कळांना सुचते. मलाही सुचले होते, आणि त्या मोहात मी दोन नर्तकी बिघडवल्या. पाकळीला स्वतःचा ताठा असतो. झगा कमरेच्या मागोमाग वळतो, क्षणभर उशिराने, आणि तो उशीर रंगवता आला तरच ती नाचते.

फ्रेंच चित्रकार एदुआर माने शेवटच्या आजारपणात मित्रांनी आणलेली फुले काचेच्या भांड्यांत ठेवून लहान लहान चित्रे काढत असे. त्यांत पाण्यात बुडालेले देठही त्याने फुलांइतक्याच मनापासून रंगवले आहेत. १८८३ च्या एप्रिलमध्ये तो गेला.

एव्हाना माझ्या ट्युलिपने एक पाकळी टेबलावर टाकली आहे. चित्रात ती अजून फुलावरच आहे. राहू दे.